झाकणापर्यंत चढलेली गांडुळं

आमच्या बिल्डिंगमधली माणसं दुबईला जाऊन येतात, केरळला जाऊन येतात आणि मग महिनाभर लिफ्टमध्ये सांगत बसतात. मी राईला जाऊन आले. राई म्हणजे भाईंदर पश्चिमेची, मुर्ध्याच्या पुढची. मीरा रोडहून निघालं की डबा गार व्हायच्या आत माणूस तिथे पोचतो. तीस वर्षं इथे राहते, गच्चीवरून पश्चिमेची ती हिरवी रेघ रोज बघते, पण तिकडे कधी पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. गिरगावातून इथे आलो तेव्हा वाटलं होतं, आलो तेवढंच खूप लांब झालं.

निघताना गच्चीवरच्या बागवाल्या बायकांनी मला नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काकी, कसं झालं?" मी "छान" म्हणाले आणि जिन्याने वर गेले. गुडघे दुखतात तरी लिफ्टसाठी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचा प्रश्न आला असता. त्या "छान"मध्ये काय काय होतं ते आता सांगते.

बोलावणं

हिरा आमच्या गेटाशी भाजी घेऊन बसते. राईची आगरी बाई, पन्नाशी ओलांडलेली, नाकात मोठी नथनी. माझ्याशी मराठी, आमच्या बागवाल्या सोनलबेनशी हिंदी आणि पैसे मोडायच्या वेळी गुजराती. तिच्याकडची मिरची म्हणजे ठेच्याला जीव. मागच्या वर्षी ती मिरचीच आणीना. विचारलं तर म्हणाली, "कशी आनू गो काकी? मावा पडलाय. पानं सगली चिकट झालीन, मुरडलीन. औषद मारला, तवर गेला, परत आला."

मी तिला गच्चीवर नेलं. मला बागेचं कुणी शिकवलेलं नाही. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं मोबाइलवर बघून आणि दोन ड्रम सडवून शिकले. गच्चीवर निळे ड्रम आहेत, त्यात बिल्डिंगचा ओला कचरा आणि गांडुळं. खालून तोटीतून निथळलेलं काळं पाणी येतं. ते पाण्यात घालून, अगदी पातळ करून, झाडांवर मारायचं. आणि कुजून चहाच्या भुकटीसारखं झालेलं खत बुंध्याशी घालायचं. माझ्या कुंडीतल्या मिरच्यांवर आधी हा मावा, म्हणजे पानांचा रस पिणारी बारकी कीड, मुंग्यांच्या राजवाड्यासारखा नांदत होता. खत घालायला लागले तशी पानं जाड झाली, देठ टणक झाले आणि मावा हळूहळू उठून गेला. म्हणजे मारला नाही त्याला कुणी. घरातलं माणूस खातंपितं धट्टंकट्टं असलं की सर्दी दारावरून परत जाते, तसं आहे ते.

हिराने पानं उलटी करून बघितली, चिमटीत खत घेऊन वास घेतला. म्हणाली, "माती पावसाची ऱ्हाते तसा वास हाय."

मग तिने खरं काय ते सांगितलं. घरात तिचे मोठे दीर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. भाजीच्या वाडीचा निर्णय त्यांचा. एक माणूस मागे लागला होता की वाडीत दगडमातीची भरणी टाकून द्या, मी क्रेन उभ्या करायला भाड्याने घेतो. दादा कंटाळले होते. पण हिराने त्यांच्याकडून एक हंगाम मागून घेतला होता. मिरची आली तर वाडी राहणार, नाही आली तर भरणी.

"तू ये ऱ्हावाला," ती मला म्हणाली. "दादांना तुज्या तोंडानं सांग. माजा आयकत न्हाईत."

आता सांगा, इतक्या मानाने कोणी बोलावल्यावर माणूस फुगणार नाही?

पोचले ते

दोन पोती खत आणि काळ्या पाण्याचा एक कॅन घेऊन मी रिक्षात बसले. रिक्षावाल्याने पोत्याकडे बघून विचारलं, "आंटी, इसमें क्या है?" मी म्हटलं, "केंचुए का खाद." त्याने पाय वर घेतले ते भाईंदर येईपर्यंत खाली ठेवले नाहीत. ब्रेक कशाने दाबत होता देव जाणे.

पूल ओलांडून पश्चिमेला उत्तनची बस धरली आणि पाच-सात थांब्यांत जग बदललं. आधी दुकानं, मग अचानक मिठागरं. सपाट, चौकोनी, आरशासारखी, कडेला मिठाचे पांढरे ढीग. वारा असा की पदर डोक्यावरून उडून मागच्या बाईच्या तोंडावर. आणि मग माडांच्या आत गाव. आमच्याकडे दार उघडं दिसलं तर वॉचमन विचारतो, "मॅडम, कुछ प्रॉब्लेम है क्या?" तिथे दार बंद दिसलं तर शेजारीण आत येऊन बघते, कोणी आजारी आहे का.

हिराने पानात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुका जवळा वाढला. जवळा मी मीरा रोडला खिडक्या लावून करते. तिथे ओटीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का" विचारत खाल्ला.

दादा समोर बसले होते. सत्तरीचे, काटक, कमरेला रुमाल, बोलणं कमी. त्यांनी पोत्याकडे बघून विचारलं, "यात किडं हायेत?"

"गांडुळं आहेत थोडी," मी म्हटलं.

"किडं मारावाला किडं आनलंस," ते म्हणाले. हिरा हसली, मी पण हसले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, गच्चीचं, माव्याचं. आणि फुशारकीने हेही सांगितलं की या वेळी माझी गांडुळं इतकी माजलीत की नव्या ड्रमचं झाकण उघडलं तर सगळी झाकणाला येऊन चिकटलेली. वरपर्यंत. आनंदाने.

"मंग खालती जागा पुरत नसंल," दादा म्हणाले आणि चूळ भरायला उठले.

बांधावरचं जेवण

वाडी घरापासून पाच मिनिटांवर. लांबट तुकडा, मधोमध गोड्या पाण्याची विहीर, वाफ्यांत नुकतीच लावलेली मिरचीची रोपं, वीतभर उंच. शेंड्यावर मावा यायला लागला होता, बोट लावलं की चिकट. आणि वाडीच्या पश्चिमेला मातीचा बांध. बांधाच्या अलीकडे मिरची, पलीकडे खाडीचा चिखल, खारफुटी आणि भरतीला येणारं खारं पाणी. एवढ्या एका मातीच्या उंचवट्यावर सगळी वाडी टेकलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिराने भाकरीचं फडकं सोडलं तेव्हा मी वाफ्याशेजारी सावलीत बसले होते. ती म्हणाली, "तितं नको. बांदावर ये."

"का गं? इथे सावली आहे."

"वाडीन मीठ न्यावाचा नसतो."

मला वाटलं चेष्टा करते. नव्हती. त्यांच्याकडे चटणी, सुकं, लोणचं, काही खारट असलं की ते बांधावर बसून खायचं आणि हात धुवायचे ते खाडीच्या अंगाला. सुकटीचं पाणीसुद्धा बाहेरच्या बाजूला ओतायचं. तिची सासू करायची, सासूची सासू करायची. मी आणलेलं आंब्याचं लोणचं तिने पदराखाली झाकून बांधावर नेलं, जणू वाडीने बघू नये.

मी हसले. म्हटलं, "अगं, हाताला लागलेल्या मिठाने काय वाडी खारट होते?"

"न्हाय होत," हिरा म्हणाली. "पन एकदा आत आनावाची सवय लागली, का मंग कोन मोजतंय?"

मी परत हसले. ते हसू मला आता आठवतं तेव्हा ओठ आवळून घेते.

एकच वाफा

त्याच दुपारी दादांनी मला एक वाफा दिला. विहिरीजवळचा, बारका. "ह्यान घाल तुजा खत. दिसू दे."

"दादा, खत सगळीकडे पुरेल," मी म्हटलं. "आणि हे पाणी आहे ना, हे मारलं की मावा लगेच हलतो."

"नवीन काय आला का आमी एका वाफ्यान करतो. तो बोलला का मंग दुसरा."

"वाफा कधी बोलणार?"

"बोलंल पंदरा दिसानी, महिन्यानी. वाफ्याला कुटं घाई हाय?"

वाफ्याला नव्हती, मला होती. मी चार दिवसांसाठी आलेले. बायकांनी मला बजावलं होतं, आधीचा फोटो काढा, नंतरचा काढा, ग्रुपवर टाका. आधीचे फोटो मी पोचल्या पोचल्या काढून टाकले होते, त्यावर अंगठे आले होते, फुलं आली होती. आता नंतरचे कुठून आणू?

त्या वाफ्यात आम्ही खत घातलं. प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी मूठ मूठ, वरून माती सरकवून, विहिरीचं पाणी. हिराचा हात असा फिरायचा की बाळाला दुपटं पांघरतेय. काळ्या पाण्याचा कॅन तिने माडाच्या झावळ्यांच्या झापाखाली सावलीत नेऊन ठेवला. म्हणाली, "ह्याचा मागून बगू, दादा बोलले का."

संध्याकाळी तिने मला मिठागरांकडे फिरवून आणलं. सूर्य बुडताना ती पाण्याची ताटं गुलाबी होतात, मग जांभळी, आणि मधून माणसं फावडी ओढत चाललेली. इतकं सुंदर मी महाबळेश्वरलासुद्धा बघितलेलं नाही. पण माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात तो कॅन.

सकाळ

तिसऱ्या दिवशी उजाडताना हिरा पाटी घेऊन बाजाराला गेली, दादा गावात कुणाकडे तरी गेले. मी म्हटलं, वाडीत चक्कर मारून येते.

आता बघा, माणूस स्वतःशी कसा बोलतो. मी म्हटलं, त्यांच्याच भल्याचं आहे. परत आल्यावर बघतील, मावा गळालेला, पानं चमकतायत, दादांना सांगायची गरजच नाही. घरी मी एका वाटीला दहा वाट्या पाणी घालते. तिथे बादलीत निम्मं पाणी, निम्मं कॅनमधलं, म्हटलं लवकर लागू पडेल. झाऱ्याने एकेका वाफ्याला देत गेले. विहिरीवरून पाणी ओढताना कंबर भरून आली, तेव्हा शेवटच्या वाफ्यांना निम्मं पाणीसुद्धा घातलं नाही. कॅन तसाच झाऱ्यात रिकामा केला. फक्त खताचा वाफा सोडला, कारण तो दादांचा होता. म्हणजे दादांनी काय सांगितलंय ते मला नीट माहीत होतं, हे त्यातूनच दिसतं.

मग नंतरच्या फोटोसाठी जागा ठरवून ठेवली. ऊन कुठून येईल ते बघून.

दुपारी हिरा आली तेव्हा रोपं माना टाकून बसली होती. आधी वाटलं उन्हाने. तिने वाकून एक पान धरलं. कडा भाजल्यासारख्या तपकिरी. शेवटच्या वाफ्यांतली तर आडवीच. तिने विहिरीकडे बघितलं, झाऱ्याकडे बघितलं, मग झापाखाली गेली आणि कॅन उचलला. हलका. तो तिने हळूच खाली ठेवला, आवाज होऊ न देता.

मी तिथेच उभी होते. तिने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण तिने विचारलं, "काकी, जेवलीस का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

त्यानंतर ती घागरीवर घागरी ओतत राहिली त्या वाफ्यांवर, मला बस म्हणाली. मी बसले. बसल्या बसल्या एकेक उलगडत गेलं. ते पाणी नव्या ड्रममधलं होतं. पोत्यातलं खत जुन्या ड्रममधलं, चांगलं मुरलेलं. आणि नव्या ड्रममध्ये मी गेल्या महिन्यात लिंबाच्या लोणच्याची आख्खी बरणी ओतली होती. बुरशी आली होती त्याला, टाकवत नव्हतं, म्हटलं कुजून सोनं होईल. बिल्डिंगमधून येतं तेही तसलंच, फरसाण, पापड, उरलेली भाजी. तीन किलोच्या बरणीतलं मीठ जाईल कुठे? गांडुळं काही आनंदाने वर चढली नव्हती. पळत होती ती. झाकणापर्यंत पळाली, पुढे झाकण होतं. आणि मी झाकण उघडून कौतुकाने बघून परत लावत होते.

जिला हाताचं मीठ वाडीत नेऊ दिलं नाही म्हणून हसले, तिच्या वाडीत मी लोणच्याची बरणी रिकामी केली होती.

बांध

चौथ्या दिवशी सकाळी दादा वाडीत आले. हिरा आणि मी मागे. रात्रभराच्या वाऱ्याने वाफ्यांची माती वाळली होती आणि वर पांढुरका थर फुटला होता, पिठी भुरभुरल्यासारखा. दादा खाली बसले. बोटाने तो थर उचलून जिभेला लावला.

"मीठ फुटलाय," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. पण हिरा आधी बोलली. "उदानाचा पानी असंल, दादा. बांदातून कुटंतरी शिरला असंल."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाचवायला बोलली ती. पाहुणी तिची, तिने आणलेली, तिच्या हातची भाकरी खाल्लेली. घरच्या मोठ्या माणसापुढे पाहुणीची मान खाली जाऊ नये म्हणून तिने खाडीवर आळ घेतला. आणि मी गप्प राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्या बरं वाटण्याची वाटते.

दादा उठले. "बांद गेला मंग काय ऱ्हायला? मिरची न्हाय, काय न्हाय. खाऱ्या जमिनीवर क्रेनच उभ्या ऱ्हातील." मग बांधाकडे बघून म्हणाले, "तरी बगतो एकदा. कुटं बील असंल खेकड्याचा."

आणि हा सत्तरीचा माणूस फावडं घेऊन बांधावर चढला.

अमावास्या जवळ होती, दुपारी मोठी भरती येणार होती. खेकडे बांधात बिळं करतात आणि त्यातून खारं पाणी झिरपतं, ते बीळ शोधून चिखलाने बुजवायचं, ही त्यांची रीत. पण बीळ असेल तर सापडणार ना. दादा एका जागी खणत, तिथे काही नाही, म्हणून पुढे खणत. बांधाच्या अंगात माणूस बसेल एवढी खाच पडली. दोन खेकडे निघाले, ते त्यांनी रुमालात बांधून बाजूला ठेवले. पाणी झिरपल्याची खूण कुठेच नाही. बांध चांगला ठणठणीत होता, त्यांच्या बापाने घातलेला, आणि माझ्या गप्प बसण्यामुळे ते तो स्वतःच्या हाताने फोडत होते.

हिराने मला चहा देऊन पाठवलं. मी पेला पुढे केला. त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात, म्हणून मीच तो त्यांच्या तोंडाशी धरला. ते दोन घोट प्यायले आणि म्हणाले, "तुजा खताचा वाफा वाचला, बग. नशीब हाय तुजा."

माझ्याच्याने पुढचा घोट धरवेना.

"दादा," मी म्हटलं, "उधाण नव्हतं."

त्यांनी पेल्यावरून तोंड बाजूला घेतलं.

"ते पाणी मी घातलं. कॅनमधलं. तुम्ही एका वाफ्यात सांगितलं होतंत, मी सगळ्यांत घातलं. त्यात मीठ होतं. माझ्या लोणच्याचं."

"कसला लोनचा?"

"लिंबाचं. बिघडलेलं. ड्रममध्ये टाकलं होतं मी."

वारा जोरात होता, वाटलं ऐकू गेलं नाही की काय. परत सांगायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. खाली वाडीत हिरा उभी होती, घागर कमरेवर, हलत नव्हती.

"मीठ तुज्या डब्यातला हाय?" दादांनी विचारलं.

"हो."

"खाडीचा न्हाय?"

"नाही."

त्यांनी फावडं टेकवलं. खाचेत बघितलं, मग वाडीकडे, त्या मेलेल्या मिरचीकडे. मला वाटलं आता ऐकवतील. ऐकवलं असतं तर मी पायरीला डोकं लावून ऐकलं असतं. ते म्हणाले, "मंग जमीन गोडीच हाय."

आणि लगेच खाडीकडे बघून ओरडले, "हिरा, ये गो, पानी भरतंय."

खारफुटीच्या मुळांत पाणी चढायला लागलं होतं. खाच बुजवायला हवी होती, नाहीतर आता खरोखरचं खारं पाणी आत आलं असतं. हिरा धावत आली. दादा खाली उतरून चिखलाचे गोळे कापत होते, हिरा ते घेऊन खाचेत बसवत होती, पायाने तुडवत होती. मी चप्पल काढली, लुगडं खोचलं आणि मध्ये उभी राहिले. दादांच्या हातून गोळा घ्यायचा, हिराच्या हातात द्यायचा. पहिला गोळा माझ्या हातून निसटून पायावर पडला. दुसऱ्याला मीच घसरून बसले.

"काकी, चिकलान बस नको," हिरा म्हणाली, "तुजाच खत होईल." हसली नाही, पण म्हणाली. एवढ्यावर मी पुढचे सगळे गोळे दिले.

पाणी बांधाला लागलं तेव्हा खाच बंद झाली होती. ताजा चिखल काळा दिसत होता, पाणी त्याला चाटत होतं. आम्ही तिघं बांधावर बसून बघत राहिलो. एका ठिकाणी थेंब आला, दादांनी अंगठ्याने दाबला. मग भरती उतरायला लागली.

रात्री खेकड्यांचा रस्सा होता. दादांनी मोठा नांगा माझ्या ताटात टाकला. मी नको म्हटलं. "खा," ते म्हणाले, "ह्यांचा पन काय गुन्हा नव्हता." मी नांगा फोडला आणि खाल्ला.

परत

निघायच्या दिवशी सकाळभर आम्ही वाफे धुतले. विहिरीचं पाणी ओतायचं, निचरू द्यायचं, परत ओतायचं. माझ्या कंबरेला त्या दिवशी काही झालं नाही, कुठे गेली होती ती कंबरदुखी कोण जाणे. निम्मं पाणी घातलेल्या वाफ्यांतली काही रोपं जगली. शेवटचे वाफे गेले. कोपऱ्यात हिराने थोडी जादा रोपं राखून ठेवली होती, ती तिथे लावायची ठरली, पण हंगाम मागे पडला तो पडलाच. रिकामा कॅन मी धुवायला घेतला तर हिराने हातातून काढून घेतला आणि बांधापलीकडे नेऊन, खाडीच्या अंगाला धुऊन आणला.

घरी आल्यावर "छान" म्हणाले. नंतरचा फोटो टाकला तो फक्त खताच्या वाफ्याचा. त्यावर खूप फुलं आली.

पुढचं म्हणजे, दादांनी क्रेनवाल्याला अजून हो म्हटलेलं नाही. बाकीच्या वाफ्यांवर मावा आला, हिराने पानं खुडून जमेल तसा आवरला. खताच्या वाफ्यातही थोडा आला, पण शेंड्यावर दोन दिवस बसून विरळ झाला. पानं तिथली जाड आहेत, हात लावला की कळतं. दादांनी पुढच्या खेपेला खत चार वाफ्यांत घालायचं म्हटलंय. सगळ्यांत नाही. चार.

गेल्या आठवड्यात हिरा गेटाशी मिरची घेऊन बसली. बायका जमल्या. तिने एक मिरची मोडून सगळ्यांना वास दिला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही हिच्या खताची."

परत टाळ्या. सोनलबेनने विचारलं, "और वो पानी? काकी कॅन लेके गए थे ना, उसका भी असर हुआ?"

हिराने माझ्याकडे बघितलं. एक क्षण थांबली, मी बोलते का बघायला. मी वाकून मिरच्या निवडत राहिले, चांगल्यातून चांगल्या. मग ती म्हणाली, "क्या मालूम. उस दिन उधान था, पानी का कुछ समजाच नहीं." आणि मिरची तोलायला घेतली.

दादांपुढे एकदा तोंड उघडलं होतं, पण आपल्या माणसांपुढे उघडलं नाही. त्या संध्याकाळी गच्चीवर गेले. नवा ड्रम मी केव्हाच रिकामा करून धुतलाय, गांडुळं दुसरीकडे हलवलीत, बरणीतलं आता कुठल्याच ड्रममध्ये काही जात नाही. तरी रोज झाकण काढलं की आधी झाकणाची आतली बाजू बघते. कोरडी असली की बरं वाटतं.

हे लिहिलेलं मी ग्रुपवर टाकणार आहे. सोनलबेनला मराठी वाचता येतं, जरा अडखळत. अडखळत वाच, पण वाच. उधाण नव्हतं गं त्या दिवशी. माझ्या लोणच्याची बरणी होती.